मी चाललो ती अकरा मिनिटं

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी आग ओकत नाही. तरुणपणीही ओकत नव्हतो. एकदा माझ्या तोंडातून धूर काढायचा प्रयत्न झाला होता, त्यात माझी जीभ जळाली आणि तो नाद तिथेच सुटला. मी उडतही नाही. पंख आहेत, पण ते छत्रीच्या काड्यांचे, आणि त्यातली एक काडी पहिल्याच आठवड्यात मोडली. तर असा मी एक जुना, दमलेला ड्रॅगन. वरून रेक्झिन, आत फोम, शेपटीखाली सामानाच्या ढकलगाडीची चाकं आणि डोळ्यांच्या जागी ट्रकच्या मागचे दोन लाल दिवे. सध्या मुक्काम सीट कव्हरच्या कारखान्यातल्या पोटमाळ्यावर. इथे वर फारसं कुणी येत नाही. तुम्ही आलाच आहात, तर बसा थोडा वेळ.

माझा जन्म खाली, याच कारखान्यात झाला. कारखाना आपला म्हणायला. दोन शिलाई मशीन, कापायचं एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे रोल, एवढाच त्याचा पसारा. तो मावशींचा. बस, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांच्या सीटची कव्हरं त्या शिवायच्या. एकदा तर दातांच्या डॉक्टरांची खुर्चीही त्यांनी मढवली होती. त्यांचा एक नियम होता. कव्हर चढवलं की गिऱ्हाइकाला त्या सीटवर दहा मिनिटं बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि विचारायचं, "कुठे टोचतंय का?" टोचतंय म्हणालं की मावशी चकार शब्द न काढता उसवायला घ्यायच्या. गिऱ्हाइकाशी वाद घालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

माझी ऑर्डर आणली त्यांच्या भाच्याने. भाचा लग्नांचं शूटिंग करायचा. दिवसभर लोकांना "जरा हसा" म्हणून म्हणून त्याचा स्वतःचा चेहरा कायमचा गंभीर झालेला होता. चार वर्षं तो एका सिनेमाच्या मागे लागला होता. लहान मुलांनी आईबापांसोबत बसून बघावा असा, जादूचा आणि ड्रॅगनचा सिनेमा. नाव ठेवलं होतं 'विझलेल्या डोंगराची गोष्ट'. एका गावातल्या सगळ्या चुली विझतात, काही केल्या विस्तव पेटत नाही. मग एक लहान मुलगी जगातला शेवटचा म्हातारा ड्रॅगन शोधून काढते. तो उडायचं विसरलेला असतो. म्हणून दोघं चालत डोंगरावर जातात आणि तिथून आग घेऊन येतात. आता आपल्याआपल्यात म्हणून सांगतो, ड्रॅगन उडायचं विसरला होता कारण त्याला उडवणं भाच्याला परवडत नव्हतं.

घरातलीच माणसं कामाला लागली. मुलीचं काम भाच्याच्या नऊ वर्षांच्या लेकीने केलं. तिला सगळे छोटीच म्हणायचे. जादूगार झाला कोपऱ्यावरचा औषधांचा दुकानदार. आणि माझ्या पोटात शिरायला तयार झाले काका, म्हणजे मावशींचे यजमान. काका बसचे ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. "छत्तीस वर्षं बसून काढली, आता जरा चालतो," असं म्हणाले आणि विषय संपला.

मावशींनी टेप काढली, काकांना समोरच्या स्टुलावर बसवलं आणि त्यांची मापं घेतली. मित्रांनो, तुम्ही शिंप्याकडे गेलात तर तो तुम्हाला उभं करतो. पण मावशींनी जन्मात उभ्या माणसाचं माप घेतलं नव्हतं. त्यांचं सगळं काम बसणाऱ्यांचं. आणि काकांनाही त्यांनी वर्षानुवर्षं बसलेलंच बघितलेलं, कधी स्टिअरिंगपुढे, कधी ताटावर, कधी पेपर घेऊन. आपलं काही चुकतंय असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. मला तरी कुठून वाटणार? मी तेव्हा रोल होतो.

तीन महिने माझं काम चाललं. सीटच्या कामातून उरलेल्या तुकड्यांचे खवले कापले गेले, हिरवे, तपकिरी, थोडे मरून, आणि ते एकेक करून माझ्या पाठीवर बसवले गेले. येणारी गिऱ्हाइकं थांबून बघायची. एक टेम्पोवाला माझ्या नाकावर हात फिरवून म्हणाला, "मावशी, माझ्या सीटला पण असंच नाक लावा." ते माझे कौतुकाचे दिवस. तेवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

शूटिंग गावाबाहेरच्या एका बंद दगडखाणीत होतं. खाणीच्या मालकाने बारा दिवस दिले होते, तेरावा नाही. पहिल्या दिवशी काका माझ्यात शिरले, मावशींनी मागचे बंद बांधले आणि भाचा लांबून म्हणाला, "उभे राहा काका." काका उभे राहायला गेले आणि अर्ध्यावरच अडकले. कमरेपाशी मी पुढून ओढत होतो. त्यांना ताठ होता येईना. गुडघे वाकवले की सगळं बरोबर बसायचं.

मावशींनी माझ्या कमरेला हात लावला आणि त्यांच्या लक्षात आलं. "अगं बाई, बसल्या मापाचं कापलं मी," त्या म्हणाल्या. "उतरवा. उसवून देते. आठवडा लागेल."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बारातला आठवडा गेल्यावर उरतं काय? तेवढ्यात माझ्या पोटातून काका बोलले, "राहू दे गं. वाकून चालतो मी. म्हातारा ड्रॅगन आहे, त्याला कोण ताठ चालायला सांगतंय?"

आणि काका चालले. गुडघे वाकवून, कंबर खाली, पाय ओढत. माझं डोकं त्यांच्या प्रत्येक पावलाला खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. मावशी दोन दिवस कडेला उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांना ते बघवेना. ऑर्डर आल्याचं निमित्त करून त्या कारखान्यातच राहायला लागल्या. संध्याकाळी काका घरी आले की त्यांचे गुडघे गरम टॉवेलने शेकायच्या.

आता चौथ्या दिवसाचं ऐका. हे तीनच जणांना माहीत होतं, काका, छोटी आणि मी. जेवणाच्या सुट्टीत काका मला घेऊन एका मोठ्या दगडाआड बसले. त्यांनी पिशवीतून दाभण काढला. बसची सीट वाटेत फाटली की ते स्वतःच शिवायचे, त्यामुळे दाभण त्यांच्याकडे असायचाच. माझं अस्तर बाजूला करून त्यांनी कमरेची शिवण दोन्ही बाजूंनी चार चार बोटं उसवली आणि मध्ये आपल्या जुन्या खाकी पँटचा एकेक तुकडा घातला. टाके असे की बघवत नव्हते. एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच गेलेला. पण घट्ट. मग अस्तर पुन्हा लावलं, माझ्यात शिरले आणि उभे राहिले. ताठ. मला कुठेही ओढ बसली नाही. काका दहा पावलं चालले, अगदी टपाल टाकायला निघाल्यासारखे.

छोटी डबा खात बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, आता आत माणूस आहे असं दिसतं."

काकांनी गुडघे वाकवले, कंबर खाली घेतली आणि पुन्हा चालून दाखवलं. "आणि आता?"

"आता ड्रॅगन."

"मग असंच," काका म्हणाले. "पण आजीला सांगू नकोस हं, मी उसवलं ते. तिच्या शिवणीला दुसऱ्याने हात लावलेला तिला खपत नाही."

त्यानंतरचे सगळे दिवस काका आपल्या मनाने वाकून चालले. मी त्यांना कुठेही अडवत नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. शेवटच्या दिवशी ती मोठी चाल घेतली. मुलगी माझ्या पाठीवर झोपलेली आणि मी तिला घेऊन खाणीची अख्खी चढण चढतो. आत काका एकेक बसथांब्याचं नाव पुटपुटत होते. "पोस्ट... शाळा... पाण्याची टाकी... दवाखाना..." एकेका थांब्याला आठ पावलं. चढण संपेपर्यंत त्यांचा जुना रूट दोनदा संपला. भाच्याने कॅमेरा थांबवलाच नाही. ती चाल अकरा मिनिटांची झाली आणि त्याने ती होती तशीच सिनेमात ठेवली.

शूटिंग संपल्यावर सात महिन्यांनी काका गेले. सकाळी पेपर घेऊन बसले होते, तसेच. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. मावशींनी त्यानंतर मला उघडलं नाही. वरवर ओल्या फडक्याने पुसायच्या, पण माझ्या आत त्यांनी हात घातला नाही.

मग थिएटर. गावातल्या जुन्या थिएटरच्या मॅनेजरने एक आठवडा दिला, दुपारचा आणि संध्याकाळचा खेळ. मला लॉबीत उभं केलं, पोरांनी फोटो काढावेत म्हणून. बाहेर पडायच्या दाराशी टेबल टाकून भाच्याची बायको वही घेऊन बसली. वहीत तीन रकाने, नाव, व्यवसाय आणि अभिप्राय. कल्पना मॅनेजरची होती. नवा सिनेमा लागला की तो वही ठेवायचा, मंगळवारी वाचायचा आणि दुसरा आठवडा द्यायचा की नाही ते ठरवायचा. दुसरा आठवडा मिळाला तर शेजारच्या दोन गावांतली थिएटरंही सिनेमा घेणार होती. नाही मिळाला तर भाचा परत लग्नांकडे.

मित्रांनो, त्या आठवड्यात मी माणसांची मतं ऐकली तेवढी कुणी ऐकू नयेत. मला पापण्या नाहीत आणि कानही मिटता येत नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, यापेक्षा आमच्या घरचा कुकर जास्त वाफ सोडतो. एका आजींना जादूगार आवडला, पण त्याची दाढी मध्यंतरानंतर डावीकडे सरकली ती अखेरपर्यंत तशीच राहिली, याचं त्यांना वाईट वाटलं. एका ट्रक ड्रायव्हरने लिहिलं, "डोळे ट्रकचे आहेत, मी लगेच ओळखलं. चांगले बसवलेत." एकाने बत्तिसाव्या मिनिटाला माझ्या पायात चप्पल दिसल्याचं कळवलं. दुसऱ्याने खुर्च्यांत ढेकूण असल्याचं कळवलं आणि सिनेमाबद्दल काहीच नाही. एका बाईंनी लिहिलं, "मुलगा घाबरला नाही, हसलाही नाही, पण हलला नाही." निवृत्त मुख्याध्यापकांनी सव्वा पान लिहून त्यात ड्रॅगन हा प्राणी अस्तित्वात नसल्याचं सिद्ध केलं. ते माझ्याशेजारी उभे राहून लिहीत होते.

कुणी छोटीचं काम उचलून धरलं, कुणी म्हणालं की एवढ्याशा पैशांत केलंय म्हणून कौतुक. "म्हणून कौतुक" हे शब्द भाच्याला फार लागायचे. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत होतं. ती चाल. "ड्रॅगनचं चालणं संपतच नाही." "चालायच्या सीनमध्ये घरी जाऊन गॅस बंद करून आलो." "ड्रॅगन इतका का दमलाय?" "तेवढं कापा." पानामागून पान तेच. त्या चालीवर खूश असलेला एकच माणूस होता, लॉबीतला पॉपकॉर्नवाला. "हा सीन बाकी झकास आहे," तो मला म्हणायचा. "अर्धं थिएटर बाहेर येतं."

बाहेर येणाऱ्यांत मावशीही असायच्या. रोज दुपारच्या खेळाला त्या आत बसायच्या, आणि पडद्यावर खाण दिसली की उठून लॉबीत यायच्या. माझ्याजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि समोरच्या घड्याळाकडे बघत राहायच्या. आतून माझ्या शेपटीच्या चाकांची कुरकुर ऐकू यायची. ती चाल त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. सोमवारी, आसपास कुणी नाही असं बघून, त्या माझ्या कमरेवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "माझ्या चुकीच्या मापात वाकवून वाकवून चालवलं तुम्हाला. आणि आता चारचौघांत दाखवतायत." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, हे मला कळत होतं. अकरा मिनिटं झाली की डोळे पुसून त्या आत जायच्या.

मला तेव्हा फार थकायला झालं. खरं काय ते माझ्याच कमरेत शिवलेलं होतं, त्यांच्या हाताखाली, एका अस्तराच्या अंतरावर. आणि माझं तोंड उघडायला तर कुणीतरी आतून छत्रीची मूठ ओढावी लागते.

मंगळवारी मॅनेजरने वही वाचली. भाच्याला बोलावून म्हणाला, "हे बघा, सिनेमा वाईट नाही. पण ती चाल कापा. अख्खी. गुरुवारी दुपारपर्यंत कापलेली कॉपी आणून द्या, शुक्रवारपासून दुसरा आठवडा तुमचा. नाहीतर मला दुसरा सिनेमा लावावा लागेल."

भाचा मावशींसमोर येऊन उभा राहिला. काकांची ती एकच गोष्ट पडद्यावर होती, चेहरा नाही, आवाज नाही, फक्त चालणं. ते आपण होऊन कापायची त्याची हिंमत होत नव्हती. "मावशी, तू सांग," तो म्हणाला.

"काप," मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाईक बसून सांगतं ते खरं. टोचतंय म्हणतात ना सगळे? मग उसवायचं. त्यात विचारायचं काय?"

"पण काका..."

"काप म्हटलं ना. चूक माझी आहे, ती कशाला ठेवायची लोकांपुढे."

भाच्याने त्याच संध्याकाळी घरी बसून चाल कापली. पेनड्राइव्ह खिशात घालून तो फिरायला लागला. गुरुवारी द्यायचा होता.

बुधवारी दुपारी खेळाआधी एका मुलाने माझ्या शेपटीवर बसून झोका घेतला आणि मी कमरेत फाटलो. आवाज मोठा झाला. मुलाच्या वडिलांनी मुलाला रागावून घेतलं, मग मला जरा ओशाळवाणं वाटलं. मावशी शेजारीच होत्या. त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढला, स्टूल ओढलं आणि फाटलेल्या जागेतून अस्तर बाहेर घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात माझ्या आत आला. तो शिवणीवर फिरला आणि थांबला.

"हे माझे टाके नाहीत," मावशी म्हणाल्या.

त्यांनी अस्तर आणखी ओढलं. खाकी तुकडा दिसला, दुसऱ्या बाजूचाही दिसला. त्यांनी बोटं लावून उसवलेली लांबी मोजली, चार बोटं. दाभणाची भोकं ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. "छोटे, इकडे ये गं," त्यांनी हाक मारली. "हे कुणी केलं?"

छोटी जवळ आली, बघितलं आणि मागे सरकली.

"मी रागावणार नाही. सांग."

"आजोबांनी सांगितलं होतं आजीला सांगायचं नाही," छोटी म्हणाली. "चौथ्या दिवशी केलं त्यांनी. मग ते ताठ चालले. पण मी म्हटलं की माणूस वाटताय. मग ते परत वाकले."

"परत वाकले म्हणजे? ओढत होतं म्हणून?"

"नाही गं आजी. ओढत नव्हतं. मुद्दाम. शेवटपर्यंत मुद्दामच चालले तसे. मला घरीपण करून दाखवायचे, तू दुकानात गेलीस की. स्वयंपाकघरात."

मावशी स्टुलावर बसून राहिल्या. सुई हातात तशीच. पॉपकॉर्नवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं. पाणी न पिताच त्यांनी मला टाचून टाकलं, खाकी तुकड्याला हात न लावता, आणि खेळ सुरू झाला तशा आत गेल्या.

त्या दिवशी खाणीचा सीन आला, चाकांची कुरकुर सुरू झाली, नेहमीचे लोक पॉपकॉर्नला बाहेर आले. मावशी आल्या नाहीत. मी दाराकडे बघत होतो. अकरा मिनिटं झाली, लोक आत परतले, माझ्याजवळचं स्टूल रिकामंच राहिलं. मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

खेळ सुटल्यावर भाचा लॉबीत उभा होता. मावशी सरळ त्याच्याकडे गेल्या. "ते कापू नकोस."

"मावशी, कापून झालंय. तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. मला वाटलं ती माझी चूक चालतेय. माझं शिवलेलं असतं तर मी उसवलंच असतं. पण ते तुझ्या काकांचं काम आहे. त्यांनी ठरवून केलंय. दुसऱ्याची शिवण मी उसवत नाही, आणि कुणाला उसवू देणार नाही."

"दुसरा आठवडा जाईल." भाच्याचा आवाज चढला होता. "चार वर्षं घातलीत मी यात. लोक कंटाळतायत, ते खोटं बोलतायत का?"

"खोटं कशाला बोलतील? लांबतंच ते. रस्ताच तेवढा लांब आहे." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "सिनेमा तुझा आहे. मी आपलं मला वाटलं ते सांगितलं. तू काढलंस तर मी तुझ्यावर रुसणार नाही."

भाचा थिएटरच्या पायरीवर जाऊन बसला. खिशातला पेनड्राइव्ह काढून हातात फिरवत राहिला. त्याला मोठं मन वगैरे दाखवायचं नव्हतं. त्याला दुसरा आठवडा हवा होता, आणि तो हवासा वाटणं चूक नव्हतं. गुरुवारी सकाळी तो मॅनेजरच्या खोलीत गेला आणि पेनड्राइव्ह न देता, तो खिशात तसाच ठेवून बाहेर आला. मॅनेजर दारापर्यंत त्याच्या मागे आला होता. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाला, आणि नव्या सिनेमाचं पोस्टर आणायला माणूस पाठवला.

शुक्रवारी मला टेम्पोवर टाकून परत आणलं. वाटेत एक डोळा पडला. शेजारच्या गावांतल्या थिएटरवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. सिनेमा पुढे दोन शाळांत आणि एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला गेला, पंख्यांच्या आवाजात. भाचा लग्नांच्या शूटिंगला लागला. तो अजून गंभीरच असतो, पण मधूनच एखादं म्हातारं जोडपं हळूहळू चालत येताना दिसलं की कॅमेरा थांबवत नाही, असं त्याची बायको तक्रारीच्या सुरात सांगते. छोटी आता कॉलेजला आहे.

आणि मी इथे. पहिली दोन वर्षं मावशी शिडी चढून येऊन मला पुसायच्या. आता त्यांना शिडी झेपत नाही. उंदरांनी डाव्या मांडीतला फोम नेला. उन्हाने पत्रा तापतो आणि माझं रेक्झिन तडकतं. खाली गिऱ्हाइकं येतात, वर बोट दाखवून विचारतात, "ते काय आहे हो?" मावशी मशीन न थांबवता सांगतात, "आमच्याकडे एक ड्रॅगन आहे." कुणी हसतं, कुणी मान वाकडी करून बघतं. अजूनही लोकांना माझ्याबद्दल मत असतंच. माझं आता त्यावर काही म्हणणं नाही.

मित्रांनो, मला तुमच्याकडे फार मागायचं नाही. तुमच्या घरात कुणी हाताने केलेली एखादी वस्तू पडून असेल, तर वर्षातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, आणि जमलं तर तिचं अस्तर उघडून आत बघा. कुणाचे टाके आहेत ते कळेल. आणि मत जरूर द्या. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणा, चप्पल दिसली तर चप्पल दिसली म्हणा. गोड बोलून फसवू नका. फक्त उठून जायच्या आधी थोडं बसा. मावशी दहा मिनिटं बसवायच्या, तेवढं बसलात तरी चालेल.

आता त्या गुरुवारच्या शेवटच्या खेळाचं सांगतो आणि थांबतो. सगळे मिळून अकरा-बारा माणसं आली होती. भाच्याची बायको बाहेर बॅनर उतरवत होती, म्हणून वहीपुढे मावशी बसल्या. चालीच्या वेळी मात्र टेबल सोडून त्या आत गेल्या होत्या आणि ती संपल्यावर परत येऊन बसल्या होत्या. खेळ सुटला. एक चष्मेवाले गृहस्थ टेबलाशी थांबले. त्यांच्या हातात पिशव्या होत्या, म्हणून म्हणाले, "मी सांगतो, तुम्हीच लिहा. ड्रॅगन छान आहे. पण ते चालणं फार लांबलंय हो. मला झोप लागली."

"लिहिते," मावशी म्हणाल्या, आणि तसंच लिहिलं, एक शब्द न बदलता. त्यांचं नाव विचारलं, व्यवसाय विचारला, तोही लिहिला. गृहस्थ गेले. लॉबीत कुणी उरलं नाही. मावशींनी वही मिटायला घेतली आणि पुन्हा उघडली. त्या गृहस्थांच्या खालच्याच ओळीत त्यांनी आपलं नाव घातलं. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, सीट कव्हर. आणि अभिप्रायाच्या रकान्यात सावकाश, अक्षर नीट काढत लिहिलं, "मला चालणं थोडं कमीच वाटलं."